हुकमावरून

पेंटरांनी उभ्या आयुष्यात सरकारदरबारी अर्ज असा एकच केला. लोक अर्ज करतात. नळाचे करतात, दिव्याचे करतात, शेजाऱ्याच्या कोंबड्याबद्दल करतात, आणि जेवून झोपतात. त्यांना काही होत नाही. पेंटरांनी एक केला, तोही दीड पानी, समास सोडून, आणि त्यापायी पावणेतीन वर्षं कोर्टाच्या बाकावर बसून त्यांच्या दोन पँटी मागच्या बाजूने विरल्या. तिसरीही विरली असती, पण ती घालायला त्यांनी नकार दिला.

पेंटर म्हणजे चित्रं काढणारे नव्हेत. पाट्या रंगवणारे. गावातल्या दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, कचेऱ्यांच्या निम्म्याहून जास्त पाट्या त्यांच्या हातच्या. बाकीच्या छापील, आणि त्यांच्याकडे पेंटर बघत नाहीत. दात काढायला गेले तरी आधी डॉक्टरच्या पाटीतला उकार बरोबर उतरलाय का ते बघणार आणि मग तोंड उघडणार. असा माणूस कोर्टात जायचा नाही हो. पण गेला. कारण नदीवरचा पूल गेला.

पूल तरी कसला! माणसांपुरता, लाकडी. नदीत दोन दगडी खांब आणि वर फळ्या. या काठाला एक गाव, त्या काठाला दुसरं. नगरपालिका दोघांच्या वेगळ्या. एका पुरात मधल्या फळ्या गेल्या, कठडा गेला, आणि दोन्ही बाजूंनी सहा-सहा पावलं जाऊन संपणारा पूल उरला. बाकीच्या गावाची थोडी गैरसोय झाली, लोकांनी चार दिवस हळहळ व्यक्त केली आणि मोठ्या रस्त्याने जायला लागले. पेंटरांच्या घरात मात्र आभाळ कोसळलं. कारण त्यांच्या बायकोची थोरली बहीण पलीकडच्या काठावर राहते.

रोज दुपारी, जेवण आवरलं की बायको पूल ओलांडून ताईकडे जायची ती चहाच्या वेळेला परत. चाळीस वर्षं हा नेम. काय बोलायच्या, कोणाला ठाऊक; पण बोलून आलेली बायको उरलेला दिवस गप्प असायची, आणि हे सुख पेंटरांना पूल जाईपर्यंत कळलं नव्हतं. आता मोठ्या पुलावरून जायचं म्हणजे दोन बस, मध्ये अर्धा तास उभं राहणं, आणि बायकोचा गुडघा हा असा, बसची पायरी बघूनच दुखणारा. फोन करावा तर ताईंना फोनवर ऐकू येत नाही. गुडघ्याला गुडघा लावून बसलं, कानाशी बोललं, की सगळं ऐकू येतं. फोनवर त्या "बरं, बरं" म्हणतात आणि ठेवून देतात.

मग दोघी बहिणी संध्याकाळी आपापल्या काठावर येऊन उभ्या राहायला लागल्या. मध्ये साठ पावलांची नदी. हाका मारून उपयोग नाही, खालच्या अंगाला बंधारा आहे आणि त्याचा आवाज चोवीस तास चालू. दोघी नुसत्या उभ्या. तिसऱ्या दिवशी पेंटरांना ते बघवेना. त्यांनी दुकानातून पांढरा रंग मारलेला एक पत्रा आणला आणि त्यावर हातभर उंचीचं लाल अक्षर काढलं: "जेवलीस का?"

पलीकडे थोडा वेळ गेला, आणि ताईंचा एक हात वर झाला. म्हणजे हो. दोन हात म्हणजे नाही, हे दुसऱ्या दिवशी ठरलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी बायको सांगायची आणि पेंटर रंगवायचे. "गुडघा आज बरा." "गोळ्या घेतल्यास?" एकदा बायकोने भर रागात "सून बोलते का नीट?" असं सांगितलं आणि पेंटरांनीही धंद्याच्या सवयीने, मजकुराकडे न बघता, ठसठशीत काढून दिलं. पलीकडे दोन हात वर गेले. दोन्ही काठांवर फिरायला आलेल्या लोकांनी ते वाचलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पुढचं काय ते वाचायला गर्दी होऊ लागली.

"असं किती दिवस चालायचं?" बायको म्हणाली. "पूल बांधा म्हणावं कोणालातरी."

"अगं, बांधतील. एक अर्ज टाकतो," पेंटर म्हणाले. इथे ते चुकले.

अलीकडच्या नगरपालिकेने अर्ज घेतला, दोनदा वाचला, आणि सांगितलं की नदीच्या मध्यापर्यंत आमची हद्द. आमच्या बाजूचा अर्धा पूल आम्ही आनंदाने बांधू, आधी पलीकडच्यांनी त्यांचा अर्धा बांधावा. पेंटर दोन बस बदलून पलीकडच्या नगरपालिकेत गेले. तिथले मोठे कारकून म्हणजे ताईंचे यजमान, पेंटरांचे सख्खे साडू. पेंटरांना वाटलं, चला, घरचा माणूस आहे. साडूंनी चष्म्यावरून बघितलं.

"अर्जदाराचं नाव?"

"अहो साडूभाऊ, मी आहे मी."

"नाव?"

पेंटरांनी नाव सांगितलं. राहणार कुठे, वय काय, व्यवसाय काय, तेही सांगितलं. ज्या पाटीखाली बसून साडू हे विचारत होते ती पाटी पेंटरांनीच रंगवलेली होती. साडूंनी सगळं उतरवून घेतलं, शिक्का मारला आणि म्हणाले, "अलीकडच्यांनी आधी त्यांचा अर्धा बांधावा. तसं कळवण्यात येईल." आणि मग, अगदी वेगळ्या आवाजात, "चहा घेणार?" पेंटर चहा न घेता उठले.

तोवर गावातला सुतार कंटाळला होता. पेंटरांचं आणि त्याचं जुनं सख्य. एका पाडलेल्या गोदामाचं जाडजूड लाकूड त्याच्याकडे पडून होतं. तो म्हणाला, "कशाला कोणाच्या नादी लागताय? खांब शाबूत आहेत. मी आठवड्यात फळ्या टाकून देतो." त्याने तीन फळ्या टाकल्या. चौथी उचलली आणि दोन्ही नगरपालिकांची माणसं हजर! जी माणसं तीन महिने पूल बघायला आली नाहीत ती दोन्ही काठांनी एकाच तासात आली, आणि एकेक नोटीस देऊन गेली: विनापरवाना बांधकाम. काढून टाका.

"मग परवाना द्या," पेंटर म्हणाले.

"आम्ही कसा देणार? ज्याचा पूल, तो देणार."

"पूल कोणाचा?"

"तेच तर ठरायचंय ना, काका."

सुताराने फळ्या काढून नेल्या. बायको दारात उभी राहून ते बघत होती. काही बोलली नाही, आणि बोलली नाही म्हणजे प्रकरण गंभीर.

शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. सल्ला देणं हा त्यांचा व्यायाम. त्यांनी पेंटरांना कुंपणापाशी गाठून समजावलं, "अर्ज म्हणजे साधं पत्र. गेलं तर गेलं. दावा म्हणजे रजिस्टर पत्र! पोच आल्याशिवाय राहत नाही. कोर्टात जा. तीन महिन्यांत निकाल." हे तीन महिने पोस्टमास्तरांनी कुठून काढले हे पुढे पेंटरांनी त्यांना अनेकदा विचारलं. दरवेळी त्यांनी विषय बदलला.

पोस्टमास्तरांचा भाचा वकील होता. हुशार मुलगा, पण बोलताना प्रत्येक वाक्यात "तूर्तास" म्हणायची खोड. "तूर्तास दावा दाखल करू." "तूर्तास तारीख मिळालीय." सगळं कोर्ट त्याला तूर्तास वकील म्हणायचं. तूर्तासने दोन्ही नगरपालिकांना प्रतिवादी केलं आणि वर पाटबंधारे खात्यालाही ओढलं, नदी त्यांची म्हणून.

पाटबंधारे खात्याने कैफियत दिली, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी उत्तर. त्यात म्हटलं होतं की आमचं फक्त पाणी. पूल पाण्याला लागत नव्हता, सबब आमचा संबंध नाही. लागत असता तर आम्हीच काढून टाकला असता.

अलीकडच्या नगरपालिकेने कैफियत दिली की आमची हद्द मध्यापर्यंत, आणि पूल मोडला तो मध्याच्या पलीकडे. पलीकडच्या नगरपालिकेने कैफियत दिली की मोडला तो मध्याच्या अलीकडे. खाली साडूंची सही, वळणदार, निवांत. पेंटरांनी ती सही बघितली आणि त्या दिवसापासून साडूंशी बोलणं सोडलं. संध्याकाळी ताईंच्या मागे साडूही काठावर येऊन उभे असायचे, छत्री घेऊन, मान पुढे काढून पाटी वाचत. पेंटर बायकोला म्हणाले, "बघ, बघ. पुरावा गोळा करतोय. उद्या आपला गुडघासुद्धा कोर्टात येणार."

"काहीतरीच तुमचं," बायको म्हणाली. पण तिनेही पाटीवरचा मजकूर जरा जपून सांगायला सुरुवात केली.

मग नदीचा मध्य कुठे हे ठरवायला कोर्टाने मोजणीदार पाठवला. तो आला ऐन कोरड्या दिवसांत. पाणी आटून पलीकडच्या काठाला चिकटलेलं. त्याने टेप धरली, मध्य काढला, तो एका म्हशीच्या पाठीवर आला. म्हैस उठली. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजलं तर मध्य चक्क अलीकडे, बायका कपडे धुतात त्या दगडावर. जज्जबाईंनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बराच वेळ बघितले आणि म्हणाल्या, "मध्याचा विषय बाजूला ठेवू. पूल मुळात कोणी बांधला?"

झालं! यात एक वर्ष गेलं. कारण पूल कोणीच बांधला नव्हता. दोन्ही नगरपालिकांची दप्तरं उपसली. ठराव नाही, नकाशा नाही, उद्घाटनाचा फोटोसुद्धा नाही. पूल आपला होता. लोक म्हणाले, आमच्या आजोबांच्या वेळीही होता. साक्षीला आलेल्या एका म्हाताऱ्याने तर सांगितलं की आधी पूल होता आणि मग नदी आली. तूर्तास म्हणाला, "तूर्तास हा साक्षीदार नको."

या काळात पेंटरांना कोर्टाची सवय झाली, हे सगळ्यात वाईट. कोणत्या बाकाला खिळा आहे ते कळलं. कुठला पंखा फिरतो आणि कुठला नुसता आवाज करतो ते कळलं. सकाळी दुकान बंद करून जायचं, चारपर्यंत बसायचं, पुकारा होतो, तूर्तास उठतो, समोरचा उठतो, पुढची तारीख पडते. घरी आलं की बायको पाण्याचा तांब्या पुढे करायची. आधी विचारायची, काय झालं. मग नुसतं बघायची. शेवटी तेही सोडलं. पेंटर दमले होते. बायकोही. पाट्याही आता दमल्यासारख्या झाल्या होत्या, रोज त्याच. "बरी आहेस?" एक हात. "मीही."

आणि मग साडूंनी निशाणी सत्तावीस हजर केली.

निशाणी म्हणजे कोर्टात दाखल केलेला पुरावा. हा पुरावा होता पुलावरची पाटी. पुरात ती वाहत जाऊन पलीकडच्या झुडपात अडकली होती. साडूंनी ती उचलून, पुसून, नंबर लावून दप्तरात ठेवली होती, आणि आता दोन शिपायांनी ती कोर्टात आणून टेबलाशी उभी केली. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. "एका वेळी चारच माणसांनी जावे." आणि खाली, उजव्या कोपऱ्यात, "हुकमावरून."

पेंटरांचा चेहरा उजळला. पुराचं पाणी पिऊनही एक अक्षर हललं नव्हतं.

जज्जबाईंनी विचारलं, "ही पाटी तुम्ही रंगवलीत?"

"हो तर! अक्षर ओळखलंत ना?"

"चारच माणसांनी जावे, हे कोणी ठरवलं?"

"मीच. पाच चढले की मधली फळी कुरकुरायची. मी कान लावून ऐकलं होतं."

"नगरपालिकेने तसं सांगितलं होतं?"

"छे हो! त्यांना पूल आहे हेच कुठे माहीत..." तूर्तासने मागून कोट ओढला. पण उशीर झाला होता.

"खाली लिहिलंय, हुकमावरून," जज्जबाई सावकाश म्हणाल्या. "कोणाच्या हुकमावरून?"

आता याला काय उत्तर देणार? तीस वर्षं पेंटर पाट्या रंगवत आले. येथे थुंकू नये, हुकमावरून. येथे गाड्या लावू नयेत, हुकमावरून. कोणीही कधी विचारलं नव्हतं. पेंटर आधी डाव्या पायावर उभे राहिले, मग उजव्या.

"त्याचं असं आहे बाई, पाटीला खाली काहीतरी लागतं. नाहीतर ती उघडी दिसते."

"हुकूम कोणाचा होता?"

"तसा कोणाचाच नाही."

"कोणाचाच नाही?"

"माझाच म्हणा मग," पेंटर म्हणाले. टंकलेखकाने ते टाइप केलं. तो आवाज पेंटरांना अजून ऐकू येतो.

आपली बाजू सावरायला म्हणून ते पुढे म्हणाले, "आता तुमच्या दाराबाहेर 'शांतता राखावी, हुकमावरून' आहे ना, तीही माझीच. तेव्हाचे साहेब बदलून गेले होते, नवे आले नव्हते. कारकून म्हणाला, रंगवून टाका."

कोर्टात इतकी शांतता पसरली की ती पाटी सार्थकी लागली. जज्जबाईंनी चष्मा काढला. "हे शेवटचं वाक्य घेऊ नका," त्या टंकलेखकाला म्हणाल्या.

दोन महिन्यांनी निकाल लागला. तेहतीस पानी. पेंटरांना त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं, कारण त्यानंतर कानात बंधारा वाजायला लागला. ज्याअर्थी पूल कोणत्याही सार्वजनिक संस्थेने बांधल्याचा पुरावा नाही, आणि ज्याअर्थी त्यावरील रहदारी वादीने स्वतःच्या हुकमाने चालवली, त्याअर्थी सदर पुलाची जबाबदारी वादीची आहे. वादी म्हणजे पेंटर.

बाहेर आल्यावर पेंटरांनी विचारलं, "म्हणजे आपण जिंकलो की हरलो?"

"तूर्तास..." वकील म्हणाला, आणि पुढे त्याला काही सुचेना.

घरी येऊन पेंटर कोट न काढता खाटेवर बसले. पोस्टमास्तर कुंपणावरून म्हणाले, "तरी पोच आली की नाही?" पेंटरांनी खिडकी लावून घेतली. बायकोला ते म्हणाले, "तुझ्या भावोजींनी केलं हे. माझीच पाटी माझ्या डोक्यात घातली. आता मी ब्रश हातात धरणार नाही. कोणासाठीच नाही. माझं अक्षर पुराव्यात जातं."

"आणि संध्याकाळची?"

"नाही."

बायको त्या संध्याकाळी रिकाम्या हाताने काठावर जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही. ताईंनी पलीकडून एक हात वर केला, मग दोन केले, मग पुन्हा एक. तिसऱ्या दिवशी पलीकडे कोणीच आलं नाही. ना ताई, ना छत्री. बायको अंधार पडेपर्यंत थांबली, आणि सकाळी उठून, गुडघ्याला पट्टा बांधून, पहिली बस पकडून गेली.

त्या दिवशी पेंटरांना घर खायला उठलं. दुकानात बसवेना. दुपारी ते उगाच नदीवर जाऊन आले. आपण तीन संध्याकाळी एक पत्रा रंगवला नाही एवढंच तर केलं, असं त्यांनी स्वतःला चार-पाच वेळा सांगितलं, आणि एकदाही ते पटलं नाही.

बायको संध्याकाळी परत आली. आल्या आल्या म्हणाली, "ताई पडली. काठाच्या पायरीवरून. हात मोडलाय, प्लास्टर घातलंय."

"कशी पडली?"

"पाटी शोधायला खाली उतरली. तिला वाटलं, तुम्ही लिहिलंय आणि तिलाच दिसत नाही."

पेंटरांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे केला.

"अहो, तिला पाट्या कधीच दिसत नव्हत्या," बायको म्हणाली. "एवढ्या लांबचं कुठलं दिसतंय तिला! लाल काहीतरी आहे एवढंच कळायचं. भावोजी वाचून दाखवायचे. रोज. कचेरी सुटली की धावत यायचे आणि तिच्या कानाशी ओरडून सांगायचे. परवा ते म्हणाले, आज पाटी नाही, तर ही म्हणाली, तुम्हाला नीट वाचता येत नाही, बाजूला व्हा, आणि मी घराकडे वळल्यावर उतरली खाली."

सकाळी जो माणूस कोर्टात आपल्या विरुद्ध कैफियत द्यायचा, तो संध्याकाळी आपला "जेवलीस का" ओरडून वाचायचा. अडीच वर्षं! आणि आपण म्हणालो, पुरावा गोळा करतोय. पेंटरांना स्वतःची लाज वाटली, सरळ सरळ लाज.

"हे दिलंय तुमच्यासाठी," म्हणून बायकोने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. निकालाची प्रत. एकतिसाव्या पानावर एका ओळीखाली तांबड्या शाईने रेघ मारली होती. पेंटरांनी चष्मा लावला. सदर पूल बांधणे, राखणे व त्यावरील रहदारीचे नियमन करणे हे वादीचे काम असून, त्यासाठी वादीस अन्य कोणत्याही संस्थेच्या परवानगीची आवश्यकता राहणार नाही.

पेंटरांनी ते दोनदा वाचलं. मग उभ्याने वाचलं.

"भावोजी म्हणाले, अपिलाची मुदत तीस दिवस. त्याच्या आत बांधा. एकदा बांधलेला पूल पाडायचा कोणी यावर दोन्हीकडच्यांचं वीस वर्षं एकमत होणार नाही."

पेंटर तसेच, चप्पल घालायचं विसरून, सुताराच्या घरी गेले.

अठरा दिवसांत पूल झाला. गोदामाचं लाकूड, सुताराचे हात, आणि अर्धं गाव फुकटच्या सूचना द्यायला. पोस्टमास्तर रोज खुर्ची घेऊन यायचे. अकराव्या दिवशी नगरपालिकेचा माणूस नोटीस घेऊन आला. पेंटरांनी त्याला एक कागद दाखवला. त्यावर पेंटरांनी पेंटरांकडे पूल बांधण्याची परवानगी मागितली होती, आणि खाली पेंटरांनी ती सविस्तर विचार करून दिली होती. माणसाने तो वाचला, तेहतीस पानं चाळली, आणि हात जोडून निघून गेला. आयुष्यातला पेंटरांचा हा दुसरा अर्ज. मंजूर झालेला एकुलता एक.

नवी पाटीही लावली. "एका वेळी चारच माणसांनी जावे." बस्स. त्याखाली काही नाही. पेंटरांना चांगली अद्दल घडली होती.

पहिल्याच दिवशी पुलावर अकरा माणसं! पेंटर काठावरून ओरडले, "अहो, पाटी वाचा!" एकजण थांबून वाचून म्हणाला, "वाचली की. छान आहे," आणि बारावा म्हणून चढला. मधली फळी कुरकुरली. आता पूल पडला तर तो त्यांच्याच डोक्यावर पडणार होता, कोर्टाच्या शिक्क्यानिशी.

तेवढ्यात पलीकडून साडू आले, काखेत काहीतरी गुंडाळलेलं घेऊन. गर्दीतून वाट काढत ते पेंटरांपुढे उभे राहिले. दोघे अडीच वर्षांनी समोरासमोर.

"इथे सही करा," साडूंनी कागद पुढे केला. "निशाणी सत्तावीस. मालकाला परत केली."

वरचं फडकं काढलं. जुनी निळी पाटी. पेंटरांनी सही केली. मग न राहवून विचारलं, "साडूभाऊ, खरं सांगा. हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"मी कारकून माणूस. दप्तरात होतं ते जोडलं." साडूंनी कागदाची घडी घातली. "पूल आमच्याकडे आला असता तर मी तुमची फाईल केली असती. चांगली केली असती, त्यात शंका नको. पण फाईलवरून दोघी बहिणींना चालता आलं नसतं."

"चहा घेणार?" पेंटर म्हणाले.

"आधी पाटी लावा. बारा माणसं आहेत."

सुताराने नवी पाटी काढून जुनी ठोकली. एका वेळी चारच माणसांनी जावे. हुकमावरून. आणि काय सांगावं, पुलावर चढायला निघालेली माणसं जागच्या जागी थबकली! एकाने बोटाने मोजलं. पाचवा मागे सरला. कोणाच्या हुकमावरून, असं एकानेही विचारलं नाही.

दुपारी, जेवण आवरून, बायको पिशवी घेऊन आली. पुलावर चारजण होते. पलीकडच्या टोकाला ताई खुर्चीवर बसल्या होत्या, एक हात गळ्यात बांधलेला, दुसरा केव्हाचा वर धरलेला. आता त्यांना हो एवढंच म्हणता येत होतं.

"जा की," पेंटर म्हणाले. "पूल तुझ्या घरचा आहे. मी सांगतो ना."

"थांबा हो," बायको म्हणाली. "चार झालेत. वाचता येत नाही का?"

तिच्यामागे, ज्यांचा हुकूम होता ते पेंटर, तिची पिशवी हातात घेऊन, आपला नंबर यायची वाट बघत उभे राहिले.